बा जिता असताना

दातिवऱ्याच्या नामदेव तांडेलाचे केस म्हणजे गावात बोलण्याचा विषय. चौसष्ट वर्षांचा माणूस, उभा जन्म बोटीवर खाऱ्या वाऱ्यात गेलेला, पण डोक्यावर काळंभोर रान. पांढरे काय ते कानाशी चार. नरहरी न्हावी म्हणायचा, तांडेल, तुमची हजामत म्हणजे मला दोन गिऱ्हाइकांची मेहनत. आणि त्याच नामदेवचा एकुलता एक मुलगा धर्मेश. सव्विसाव्या वर्षी त्याचे केस मागे सरायला लागले आणि एकतिसाव्या वर्षी पुढचं सगळं मैदान मोकळं. आई, पुष्पलता, म्हणायची, मामावर गेला. मामा बिचारा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण टक्कल म्हटलं की त्याचं नाव निघायचंच.

आता टक्कल पडलं म्हणून कोणाच्या घरची चूल विझत नाही. धर्मेश तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, नोकरी कायम, बोईसरला खोली घेऊन राहायचा. दारू नाही, गुटखा नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण लग्नाचं बघायला लागले आणि पोराची दशा झाली. दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ म्हणून सांगितलं ते अजून कळवतायत. तिसऱ्या खेपेला केळव्याला गेले, तर मुलीच्या आजीने डोळ्यांवर हात आडवा धरून खुद्द धर्मेशलाच विचारलं, मुलगा मागाहून येतोय का? परतताना नामदेव रिक्षात पोट धरून हसला. हसता हसता त्याची नजर पोराच्या तोंडाकडे गेली. त्या दिवसापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशातला कंगवा कोणाला दिसला नाही. पोरासमोर त्याने पुन्हा केस विंचरले नाहीत.

असा बाप होता. फार बोलायचा नाही, पण कळायचं त्याला सगळं.

गेल्या पावसाळ्यात नामदेवला धाप लागायला लागली. हृदय मोठं झालंय, बोट सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बोट सुटली आणि माणूस ओट्यावर आला. धर्मेश दर रविवारी घरी यायचा, तेव्हा बाप एकच बोलायचा, “एकदा तुज्या डोक्याला बाशिंग बगू दे. मंग मी सुटलो.” तेवढ्यात घिवलीच्या हिमानीचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, घर ओळखीचं. तिच्या वडिलांनी सांगितलं, होळी झाली की बसू. धर्मेशने बोटांवर महिने मोजले. केस लावून घेतले तर चार महिन्यांनी उगवतात, असं त्याने मोबाइलवर शंभर वेळा वाचलं होतं. म्हणजे नोव्हेंबरात लावले तर होळीनंतर डोकं भरलेलं, मुलगी पसंत, बापाच्या डोळ्यांदेखत बाशिंग. हिशेब कसा चोख. बापासाठी करतोय असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पण आरशासमोर उभं राहून कपाळ झाकून बघायचा तेव्हा बाप आठवत नव्हता, हेही तितकंच खरं.

घरी त्याने काही सांगितलं नाही. कंपनीत शटडाउन आहे, पंधरा दिवस सुट्टी नाही, प्लांटमध्ये मोबाइलचा कॅमेरा चालत नाही, एवढं सांगून मोकळा झाला. तारापूरच्या आसपास शटडाउन म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मशिनं बंद ठेवून दुरुस्ती चालते आणि माणसं गाडून घेतल्यासारखी आत असतात, हे पोराटोरांनाही ठाऊक.

बोरिवलीच्या एका क्लिनिकात तो गेला. त्याची समजूत अशी की मागचे चार केस काढतील, पुढे खोवतील, झालं. खुर्चीवर बसवून मशिन चालू केलं तेव्हा त्याला कळलं की आधी सगळं डोकं उतरवावं लागतं. पुढचं, मागचं, कडेचं, सगळं. मशिनवाला मुलगा हिंदीत म्हणाला, सर, दोन महिन्यांत सगळं वाढतं, टेन्शन नको. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत पोरगा डोकं कधी उतरवतो, तर आई-बाप गेल्यावर. दहाव्याला, खाडीच्या काठावर, एकदाच. आई-बाप जिवंत असताना ज्याने डोकं भादरलं त्याने त्यांचं मरण मागितलं, असं म्हणतात. उन्हाळ्यात उवा झाल्या तरी आया पोरांचे केस कातरतात, पण वस्तरा लावत नाहीत. धर्मेशच्या तोंडातून शब्द निघून गेले, “बा जिता हाय माजा.” पोराला काही कळलं नाही. तो मशिन हातात धरून थांबला.

तिथून उठायला हवं होतं. पण मनात आलं, पंधरा दिवसांत मागचे केस बोटभर नाही तरी नखभर येतील, वर टोपी घालू, बारीक कट मारला म्हणून सांगू. शास्त्र काय, मनाचे खेळ. आणि त्याने मान पुढे केली.

आठ तास. आधी पालथा झोपवून मागची मुळं एकेक करून उपटली, मग उताणा करून पुढे एकेक रोवली. दोन हजार आठशे. डोकं सुयांनी बधिर केलेलं, तरी प्रत्येक मूळ जागेवर बसताना बारीकसा आवाज त्याला ऐकू यायचा. संध्याकाळी कागदावर नियम लिहून दिले. दहा दिवस डोक्याला कशाचा स्पर्श नको. टोपी नको, टॉवेल नको, खाली वाकायचं नाही, उशा रचून बसल्यासारखं झोपायचं, तासातासाला पाणी फवारायचं. लावलेले केस तीन आठवड्यांनी गळतील, घाबरायचं नाही, मुळं आत असतात, पुन्हा उगवतील.

खोलीत त्याच्याबरोबर जव्हारकडचा कमलेश राहायचा. त्याच कंपनीतला, स्वभावाने मोकळा. पहिल्या दिवशी त्याने डोकं बघून कपाळाला हात लावला, म्हणाला, भाताचं रोप लावल्यासारखं दिसतंय. आणि मग बिनबोभाट फवाऱ्याची बाटली हातात घेतली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली ती कपाळावरून डोळ्यांवर. डोळ्यांच्या जागी दोन फटी राहिल्या. धर्मेश आरशात बघायचा आणि त्याला स्वतःचीच भीती वाटायची.

चौथ्या दिवशी दुपारी हेमांगीचा फोन आला. हेमांगी त्याची धाकटी बहीण, लग्नाची, घर तीच सांभाळायची. बाला सकाळी श्वास पुरेना, पालघरच्या हॉस्पिटलात आणलंय, ऑक्सिजन लावलाय, आई इथेच आहे, तू ये.

बोईसर ते पालघर अंतर ते किती? रिक्षाने अर्धा तास. धर्मेश म्हणाला, “शटडाउन हाय गो. सोडत नाय.”

कमलेश समोर बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो एवढंच म्हणाला, “जा रे. तुझा बाप तुझं डोकं बघेल का तोंड बघेल?” धर्मेशला राग आला. तोंड तरी बघण्यासारखं कुठे होतं? आणि डोकं! अंथरुणाला खिळलेल्या बापासमोर भादरलेल्या डोक्याने उभं राहायचं? आई तर तिथेच छाती बडवून घेईल. त्यापेक्षा दहा दिवस होऊ देत, सूज उतरू दे, टोपी घालता येऊ दे, मग जाऊ. बापाला धक्का बसू नये म्हणून मी जात नाही, असं त्याने ठरवलं, आणि ठरवलं की माणसाला ते पटतंच.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने व्हिडिओ कॉल लावला. त्याने कॅमेरा झाकून नुसता आवाज दिला, इथे चालत नाही म्हणाला. मास्कच्या आडून बापाचा आवाज आला. तोंड बगू दे तुजं. धर्मेश म्हणाला, नेट नाय हो बा, आठ दिवसांत येतो, तुमी आराम करा. पलीकडे बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत राहिला.

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. आणि सहाव्या दिवशी, रविवारी, दिवस कलताना त्याच्याने राहवेना. सूज थोडी उतरली होती. डोक्यावर छत्री धरून तो रिक्षात बसला. भर हिवाळ्यात, ऊन गेलेलं, आणि हा छत्री धरून. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. हॉस्पिटलच्या दारात छत्री मिटावी लागली. जिना चढून तो दुसऱ्या मजल्यावर गेला. दारापाशी बाकावर आईची पिशवी होती, पण आई नव्हती, खाली औषधं आणायला गेली असावी. हेमांगीही दिसली नाही. त्याला वाटलं, देवानेच ही वेळ साधून दिली.

वॉर्डाच्या दाराला काच होती. दाराच्या समोरच नामदेवची खाट. तोंडावर मास्क, छाती वरखाली होणारी, आणि उशीवर ते केस. कोणी विंचरलेले नव्हते. तीन दिवस अंगावर पाणी नाही तरी कसे दाट. धर्मेश काचेशी नाक लावून उभा राहिला. बापाचे डोळे मिटलेले वाटले. त्याने मनातल्या मनात सांगितलं, बा, होळीपर्यंत कळ काढ. तेवढ्यात नामदेवचा उजवा हात चादरीवरून जरासा उचलला गेला आणि खाली पडला. झोपेत हलला असेल. पण जाग आली तर, या विचाराने धर्मेश चटकन मागे झाला, जिना उतरला, बाहेर येऊन छत्री उघडली. रिक्षात बसल्यावर त्याला मोकळं वाटलं. बघितलं बापाला. रंग बरा होता. त्या रात्री तो नीट जेवला, आणि कमलेशला म्हणाला, अजून चार दिवसांनी जातो, टोपी घालता येईल तेव्हा.

मंगळवारी पहाटे फोन आला. बा गेला.

कमलेशने त्याला गाडीवर बसवून दातिवऱ्याला सोडलं. घरापुढे वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते, ते काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. माणसं ओट्यावर, अंगणात, आणि मध्ये नामदेव. धर्मेशने डोक्यावर सैल रुमाल टाकला होता. बापाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तेव्हा रुमाल घसरून पडला.  मग पुष्पलताने टाहो फोडला आणि सगळ्या बायका रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, पोराने तिकडेच केस दिले, दम धरवला नाही त्याला. एका म्हाताऱ्याने पुटपुटत नापसंती दाखवली, दहाव्याच्या आधी कशाला ही घाई. धर्मेशने कोणाचंच म्हणणं खोडलं नाही. चला, आपसूक झाकलं गेलं, असंही त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला लाज वाटली.

हेमांगी मात्र रडायची थांबली होती. ती त्याच्या डोक्याकडे बघत होती, कपाळावरच्या खपल्यांकडे, मागच्या लाल ठिपक्यांकडे. मग तिने तोंड फिरवलं. त्यानंतर नऊ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. चहा आणून पुढे ठेवायची, पण हातात द्यायची नाही. त्याला वाटलं, मी आलो नाही म्हणून रागावलीय. रागावायला हवंच होतं. वेळ बघून पाया पडू तिच्या, असं तो म्हणत राहिला आणि दिवस गेले.

दहाव्याला खाडीच्या काठावर नरहरी धोकटी घेऊन आला. धर्मेशला पाटावर बसवून त्याने डोक्यावर पाणी शिंपडलं आणि त्याचा हात थांबला. चाळीस वर्षं डोकी हाताळलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? त्याने बोटाने हळूच चाचपलं, पुढच्या खुंटांवरून, मागच्या ठिपक्यांवरून. दोन-तीन केस त्याच्या बोटाला चिकटून आले. तो खाली वाकून इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, हे लावून घेतलंयस ना? मग वस्तरा पुढे चालवत नाही, कातडं कच्चं आहे, मागचे चार खुंट कातरतो, कोणी काही म्हणणार नाही, तुझा बाप तर मुळीच नाही म्हणणार.

आणि खरं सांगायचं तर धर्मेशला हायसं वाटलं. बाप गेला, आता ही दोन हजार आठशे मुळं तरी राहतील. असं त्याच्या मनात आलं. मनावर कोणाचा ताबा असतो?

हेमांगी पिंडासाठी भाताचं भांडं घेऊन आली होती. तिने नरहरीचं बोलणं ऐकलं. भांडं खाली ठेवून ती भावाच्या समोर येऊन बसली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. “रविवारी तू आलतास. संध्याकाळी.”

धर्मेशने मान हलवली. खोटं बोलायची ताकद नव्हती.

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, जसं झालं तसं. रविवारी ती खालून चहा घेऊन वर आली तर बा जागा होता, दाराकडे बघत होता. म्हणाला, धर्मा आलता. मी हात केला, पण तो मागे गेला. डोकं भादरून आलता. तिने समजावलं, बा, दादा कंपनीत आहे, तुला स्वप्न पडलं. पण तो ऐकेना. नाय गो, डोळ्यांनी बगितला. बाप मेल्यावर पोरगा भादरतो. म्हंजे मी गेलोय. तुमाला अजून कोणी सांगितला नाय. चहा पुढे केला तर म्हणाला, मेलेल्याला कसला चहा? मास्क ओढून काढायला लागला. डॉक्टर म्हणाले, प्राणवायू कमी पडला की माणसाला असे भास होतात, आणि हात बांधून ठेवले. तोवर घटकाघटकाला धर्मा आला का विचारायचा. रविवारनंतर एकदाही विचारलं नाही. सोमवारी तिने विचारलं, दादाला बोलावू का? तर म्हणाला, त्याला नको तरास देऊ. त्यानं त्याचं काम केलान. मी सुटलो.

“मी डॉक्टरांना सांगत व्हते, भास झाला त्याला म्हणून,” हेमांगी म्हणाली. “तुजं डोकं बगितलं तवा कळलं.”

खाडीला भरती लागत होती. काठावर बसलेली माणसं आपसात काहीबाही बोलत होती, त्यांच्यापर्यंत हे पोचलं नव्हतं.  धर्मेशने नरहरीचा वस्तऱ्याचा हात धरून स्वतःच्या कपाळावर ओढला आणि म्हणाला, सगळं काढा. मुळासकट काढा. नरहरी नको नको म्हणत हात सोडवायला बघत होता.

हेमांगीने उठून तो हात सोडवला. “ऱ्हाऊ दे दादा,” ती म्हणाली. “तुजे केस बाला पोचले. जिता असताना पोचले. आता परत काय देतोस?”

नरहरीने मागचे चार खुंट कातरून पानावर ठेवले आणि वस्तरा मिटला.

पुढच्या आठवड्यात लावलेले केस गळले, कागदावर लिहिलं होतं तसे. उशीवर, खांद्यांवर, जेवणाच्या ताटात. धर्मेशला वाटलं, बरं झालं, आता काही उगवायचं नाही. पण मुळं आत होती. चैत्रात ती वर आली, आणि आली ती अशी दाट, काळीभोर, की कंपनीत माणसं थांबून बघायला लागली. घिवलीहून निरोप आला, मुलगी तयार आहे, वर्षाच्या आत उरकायचं असेल तरी आमची ना नाही. धर्मेशने अजून काही कळवलेलं नाही. लोक म्हणतात, बापाचं दुःख आहे पोराला. ते आहेच.

एका रविवारी तो ओट्यावर बसला होता. हेमांगी सुके बोंबील निवडत होती. पुष्पलता आतून आली, त्याच्या मागे बसली आणि तिने त्याच्या केसांत हात घातला. आईला काहीच ठाऊक नाही, दोघांनी ते तिच्यापासून राखलंय. ती बोटं फिरवत राहिली, पुढून मागे, नामदेवच्या डोक्यावरून फिरवायची तशीच. मामाचं नाव तिने काढलं नाही.

“आता कसा बापासारका दिसतोस,” ती म्हणाली. “त्यानं बगायला पायजे होता.”

हेमांगी टोपली उचलून आत गेली. धर्मेशने मान खाली घातली, आणि पोराला बरं वाटतंय असं समजून आई हात फिरवत राहिली.